ड्युअल क्रेडिटमधली ‘सी’ मेडिकलच्या अर्जापर्यंत पोचते का?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी टेक्सासमध्ये हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे ज्युनियर इयरला आहे. शाळेतूनच कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल क्रेडिट कोर्स, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हींच्या हिशोबात धरले जाणारे कोर्स, घेतले. इंग्रजी आणि इतिहासात ए, केमिस्ट्रीत मात्र सी. तिला डॉक्टर व्हायचंय. शाळेतले कौन्सेलर म्हणाले, ‘युनिव्हर्सिटी क्रेडिट घेते, ग्रेड घेत नाही, काळजी करू नका.’ मंडळातल्या ओळखीच्यांनी सांगितलं, ‘सायन्समध्ये सी म्हणजे मेडिकलचं विसराच.’ आईला विचारायचंय की खरं काय, सीनियर इयरला, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, आणखी कोर्स घेऊ द्यावेत का, आणि धाकटा लॉ करायचं म्हणतो त्यालाही हेच नियम आहेत का.

मी बरीच वर्षं प्री-हेल्थ आणि प्री-लॉच्या मुलांचे अर्ज बघते आहे, आणि आपल्या घरांमधून हा प्रश्न दरवर्षी येतो. वरची दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पण कौन्सेलरचं उत्तर जास्त महागात पडतं, म्हणून आधी ते घेते.

कौन्सेलर सांगतात ते युनिव्हर्सिटीपुरतं बरोबर आहे. बहुतेक स्टेट युनिव्हर्सिट्या बाहेरून आलेल्या कोर्सचे तास, म्हणजे क्रेडिट, तेवढे जमा करतात, ग्रेड आपल्या जीपीएत, म्हणजे ग्रेड्सच्या सरासरीत, मिसळत नाहीत. त्यामुळे तुमची मुलगी उद्या युनिव्हर्सिटीत गेली की तिथल्या ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या मार्कशीटवर) केमिस्ट्रीसमोर नुसतं ‘ट्रान्सफर’ दिसेल आणि जीपीए शून्यापासून सुरू होईल. घरात सगळे निःश्वास टाकतील. पुढे तीन वर्षांनी ती अर्ज भरायला बसेल तेव्हा कळेल की मेडिकल स्कूल युनिव्हर्सिटीचा जीपीए वापरतच नाही. अर्ज मध्यवर्ती सेवेकडे जातो. टेक्सासमधल्या जवळपास सगळ्या मेडिकल स्कूल्ससाठी ही सेवा म्हणजे टीएमडीसॅस, देशातल्या इतर बहुतेक एमडी स्कूल्ससाठी ॲमकॅस, ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ पदवी देणाऱ्या, मेडिकल स्कूल्ससाठी ॲकोमास. या सेवा तुमच्या मुलीनं आजवर पाय ठेवलेल्या प्रत्येक कॉलेजचा हिशोब मागतात आणि एकेक कोर्स, एकेक ग्रेड आपल्या नियमांनी नव्यानं मोजतात. कोर्स पंधराव्या वर्षी घेतला की पंचविसाव्या, शाळेच्या वर्गात बसून घेतला की कॉलेजच्या आवारात, हायस्कूलच्या मार्कशीटवर तोच विषय आधीच मोजला गेलाय की नाही, यानं काही फरक पडत नाही. कॉलेजनं क्रेडिट दिलं, ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड उमटली, की ती मोजायची.

आपल्या पालकांच्या मनात याबाबत एक जुना हिशोब पक्का बसलेला असतो. महाराष्ट्रात बारावीला पीसीबीत पात्रतेपुरते टक्के मिळाले की पुढचं सगळं नीटवर. एकदा एमबीबीएसला लागलं की अकरावी-बारावीचे मार्क कुणी विचारत नाही. इथे उलटं आहे. हायस्कूलची मार्कशीट कॉलेज प्रवेशाबरोबर खरंच संपते. पण त्याच दोन वर्षांत घेतलेले कॉलेजचे कोर्स वेगळ्या कागदावर नोंदलेले असतात आणि तो कागद आयुष्यभर मागे राहतो.

ॲमकॅसच्या अर्जात जीपीएचा एक तक्ता असतो. त्यात कॉलेजच्या चार वर्षांच्या ओळी: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर. आणि त्यांच्याबरोबर एक स्वतंत्र ओळ ‘हायस्कूल’ची. प्रत्येक ओळीत दोन मुख्य रकाने: एक बीसीपीएमचा, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, दुसरा बाकी सगळ्या विषयांचा. शेवटी बेरीज. तुमच्या मुलीची सी या हायस्कूलच्या ओळीत, बीसीपीएमच्या रकान्यात बसेल आणि एकूण अंडरग्रॅज्युएट जीपीएतही धरली जाईल. ही वाईट बातमी. चांगली बातमीही याच तक्त्यात आहे. वाचणाऱ्याला दिसतं की ही ग्रेड हायस्कूलमधली आहे, आणि पुढच्या चार ओळींत काय झालं तेही दिसतं. खालच्या ओळी 3.8, 3.9 असतील तर सोळाव्या वर्षीच्या एका सीवर समितीत कुणी वेळ घालवत नाही.

आता मंडळातल्या मंडळींचं ‘विसराच’. त्याला उत्तर म्हणून सरळ आकडेमोड करू (ए म्हणजे 4.0, सी म्हणजे 2.0). समजा केमिस्ट्रीचा कोर्स लेक्चर आणि लॅब मिळून 4 तासांचा, त्यात सी. इंग्रजी आणि इतिहासाचे मिळून 12 तास, सगळे ए. पुढे युनिव्हर्सिटीत ती 104 तास करेल आणि तिथे 3.8 ठेवेल असं धरू. सगळं मिळून 120 तासांचा जीपीए 3.76 येतो. ती सी नसतीच तर 3.82 आला असता. फरक 0.06. सायन्सचा जीपीए जास्त हलतो, कारण तिथे तास कमी असतात: युनिव्हर्सिटीतले 60 तास 3.7 नी केले आणि त्यात ही 4 तासांची सी मिसळली तर 3.59. म्हणजे ओरखडा उठतो, पण रस्ता बंद होत नाही. खरी गडबड होते ती अशा मुलांची, ज्यांनी ‘फुकट आहे, मोजत नाहीत’ म्हणून दोन वर्षांत सायन्सचे चार-पाच कोर्स घेतले आणि बी-सीची रांग लावली. त्यांच्या जीपीएला कॉलेजच्या पहिल्या दिवसाआधीच जे वजन बांधलं जातं ते चार वर्षांत पूर्ण सुटत नाही.

टेक्सासपुरती एक बारीक गोष्ट. टीएमडीसॅस प्लस-मायनस पाहत नाही. ए मायनसही 4.0 आणि बी प्लसही सरळ 3.0. ॲमकॅसमध्ये तेच अनुक्रमे 3.7 आणि 3.3. टेक्सासमधली बरीच कम्युनिटी कॉलेजं नुसती अक्षरं देतात, त्यामुळे ड्युअल क्रेडिटच्या वेळी हा फरक जाणवत नाही. पण पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर एकाच मुलीचे दोन अर्जांतले जीपीए वेगळे का दिसतात, म्हणून गोंधळ होतो. दोन्ही बरोबरच असतात. आणि राज्यातल्या सरकारी मेडिकल स्कूल्समध्ये किमान 90 टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांसाठी असल्यामुळे तुमच्या मुलीच्या दृष्टीनं टीएमडीसॅसचा आकडा जास्त महत्त्वाचा.

लपवता येईल का, हे तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण पुष्कळ जण आडून विचारतात, म्हणून सांगते. नाही. अर्जात ‘आजवर शिकलेली सगळी कॉलेजं’ असा स्पष्ट प्रश्न असतो आणि खाली सही असते. युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्टवर ट्रान्सफर क्रेडिट कुठून आलं ते लिहिलेलं असतंच. ॲमकॅस ट्रान्सक्रिप्ट ताडून पाहते. एखाद्या कॉलेजचा कागद नसेल तर अर्ज अडकतो किंवा परत येतो, आणि जागा जसजसे अर्ज येतील तसतशा भरत जात असल्यामुळे हा उशीर फार नडतो. त्याहून वाईट म्हणजे माहिती दडवल्याचा ठपका. एका सीचं स्पष्टीकरण दोन वाक्यांत देता येतं. दडवलेल्या सीचं देता येत नाही.

यात मुद्दाम न लपवणारीही मुलं सापडतात. काही हायस्कूल्समध्ये शाळेचेच शिक्षक शाळेच्याच वर्गात कॉलेजचा कोर्स शिकवतात आणि क्रेडिट दूरच्या युनिव्हर्सिटीचं असतं. सिराक्यूज युनिव्हर्सिटीचा प्रोजेक्ट ॲडव्हान्स किंवा कनेक्टिकट युनिव्हर्सिटीचा अर्ली कॉलेज एक्स्पिरियन्स हे असे जुने कार्यक्रम. पालकांनी सप्टेंबरमध्ये एका फॉर्मवर सही केलेली असते, फी भरलेली असते, आणि पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही की त्या युनिव्हर्सिटीत आपल्या मुलाच्या नावावर एक ट्रान्सक्रिप्ट आहे. शंका असेल तर नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसकडे नोंदणीच्या नोंदी असतात, तिथे मुलानं स्वतः पाहावं. अर्जाच्या वर्षी नाही, आत्ताच.

सी आली, आता तोच कोर्स परत घ्यावा का? आपल्याकडे लगेच ‘रिपीट कर, ए आण’ असं होतं. पण ॲमकॅस आणि टीएमडीसॅस दोन्ही प्रयत्न मोजतात. जुनी ग्रेड पुसली जात नाही. ॲकोमास पूर्वी नवी ग्रेड जुनीच्या जागी धरायची, तेही 2017 पासून बंद झालं. म्हणजे 4 तासांची केमिस्ट्री पुन्हा करून आणलेली ए आणि 4 तासांच्या पुढच्या सायन्स कोर्समध्ये आणलेली ए, दोन्हींचा जीपीएवर परिणाम अगदी सारखा. वर पुढच्या कोर्समधली ए जास्त बोलकी. टेक्सासच्या मेडिकल स्कूल्स आवश्यक कोर्समध्ये सी किंवा वरची ग्रेड मागतात, त्या हिशोबानं तिची सी चालते. तेव्हा ग्रेडसाठी रिपीट करू नये.

पायासाठी मात्र करावं लागेल कदाचित. हा निर्णय आकड्यांवरून होत नाही, मुलीशी बोलून होतो. सी का आली? लॅब रिपोर्ट वेळेत दिले नाहीत म्हणून की मोल, समतोल, ॲसिड-बेस यांतलं काही डोक्यातच शिरलं नाही म्हणून? पहिलं असेल तर युनिव्हर्सिटीत सरळ जनरल केमिस्ट्रीचा दुसरा भाग घ्यावा. दुसरं असेल तर पहिला भाग पुन्हा घ्यावा, कारण त्यावर ऑर्गॅनिक उभं आहे, त्यावर बायोकेमिस्ट्री, आणि या तिन्हींवर एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. कच्च्या पायावर ऑर्गॅनिकमध्ये दुसरी सी आणण्यापेक्षा एक सेमिस्टर घालवलेलं परवडतं.

मुळात केमिस्ट्री ड्युअल क्रेडिटला घ्यायचीच नव्हती, असं माझं मत. पण ती घेतली जाते याचं कारण मेडिकल नसतंच. टेक्सासमध्ये 1997 च्या कायद्यानं वर्गातल्या वरच्या 10 टक्के मुलांना स्टेट युनिव्हर्सिट्यांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनची युनिव्हर्सिटी तर 2026 च्या प्रवेशापासून वरच्या 5 टक्क्यांवर आली आहे. मग रँकसाठी, म्हणजे वर्गातल्या क्रमांकासाठी, जादा वजनाचे कोर्स गोळा करायची शर्यत लागते, आणि त्यात आपली मुलं पुढे. सोळा वर्षांची मुलगी रँकचा विचार करून कोर्स निवडते. तो कोर्स पुढे मेडिकल स्कूलची समिती वाचते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला त्या वेळी कुणी सांगितलेलं नसतं.

ड्युअल क्रेडिट आणि एपी (शाळेतच शिकवले जाणारे, शेवटी बाहेरची परीक्षा असलेले कॉलेज पातळीचे कोर्स) यांतला फरकही बहुतेकांना रँकच्याच भाषेत माहीत असतो. माझ्या कामाच्या बाजूनं पाहिलं तर फरक असा. एपीच्या मे महिन्यातल्या परीक्षेचा 1 ते 5 मधला स्कोअर ही ग्रेड नाही. तो जीपीएत कधीच येत नाही. 2 मिळाले तर तो स्कोअर कुणाला कळवू नका, विषय संपला. 5 मिळाले तर युनिव्हर्सिटीकडून क्रेडिट घ्या किंवा घेऊ नका, मर्जी तुमची. ड्युअल क्रेडिटमध्ये ही पळवाट नाही. जे झालं ते नोंदलं गेलं. पण त्याच कारणानं त्याची एक जमेची बाजूही आहे. काही मेडिकल स्कूल्स आवश्यक कोर्ससाठी नुसतं एपी क्रेडिट मान्य करत नाहीत किंवा त्याच्या जोडीला वरच्या पातळीचा कोर्स मागतात. ड्युअल क्रेडिटच्या कोर्सला मात्र कॉलेजची ग्रेड असते, त्यामुळे विशेषतः इंग्रजीच्या बाबतीत तो अनेक ठिकाणी सरळ चालतो. टेक्सासच्या मेडिकल स्कूल्स एपी क्रेडिटच्या बाबतीत मवाळ आहेत, फक्त युनिव्हर्सिटीनं ते नेमक्या कोर्स क्रमांकासह आणि तासांसह ट्रान्सक्रिप्टवर दाखवलेलं असावं लागतं. ज्या विषयात मूल डळमळीत आहे तिथे एपी, जिथे ए जवळपास नक्की आहे तिथे ड्युअल क्रेडिट: मी घरोघरी हेच सांगते.

तर सीनियर इयरला काय घ्यावं? तुमच्या मुलीनं इंग्रजी 1301 केलं असेल तर 1302 घ्यावं. टेक्सासच्या मेडिकल स्कूल्सना साधारणपणे इंग्रजीचे 6 तास लागतात, ते तिथेच पुरे होतात. राज्याच्या कोअर करिक्युलममध्ये गव्हर्नमेंटचे, म्हणजे राज्यशास्त्राचे, 6 तास सगळ्यांनाच लागतात, तेही उरकून टाकावेत. आणि एक कोर्स मी आवर्जून सुचवेन: स्टॅटिस्टिक्स, म्हणजे मॅथ 1342. मेडिकलसाठी लागणारे गणित किंवा स्टॅटिस्टिक्सचे 3 तास त्यात भागतात, आणि गणित विभागाचा कोर्स असल्यामुळे तो बीसीपीएममध्ये मोजला जातो. म्हणजे बायो-केमिस्ट्रीला हात न लावता सायन्सच्या जीपीएत एक ए. सायकॉलॉजी घेतली तर एमकॅटच्या तयारीला उपयोग होईल, पण ती बीसीपीएममध्ये येत नाही, हे माहीत असू द्या. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे युनिव्हर्सिटीसाठी राखून ठेवावेत. कम्युनिटी कॉलेजमध्ये वाईट शिकवतात म्हणून नाही. तिथले काही प्राध्यापक युनिव्हर्सिटीतल्या तीनशे मुलांच्या हॉलपेक्षा फार जीव लावून शिकवतात. पण समितीला पाहायचं असतं की हे मूल युनिव्हर्सिटीच्या सायन्समध्ये, तितक्याच तयारीच्या मुलांच्या बरोबरीनं टिकतं का. तो पुरावा हायस्कूलच्या ओळीतून मिळत नाही. ज्यांनी आधीच बायोलॉजी करून टाकली आहे त्यांनी घाबरू नये. जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, फिजिऑलॉजी असे वरचे कोर्स युनिव्हर्सिटीत घ्यावेत. तसंही टेक्सासमध्ये बायोलॉजीचे साधारण 14 तास लागतात, सगळे काही ड्युअल क्रेडिटमधून होत नाहीत.

पुढचा मुद्दा आपल्या समाजात सगळ्यात जास्त गाजणारा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारा. ‘मुलगा हायस्कूलमधूनच 60 क्रेडिट घेऊन निघाला, असोसिएट डिग्री हातात, दोन वर्षांत बॅचलर्स!’ अर्ली कॉलेज हायस्कूल्समधून हे खरंच शक्य आहे आणि इंजिनियरिंग, अकाउंटिंग किंवा शिक्षकी पेशासाठी यात हजारो डॉलर वाचतात. मेडिकलसाठी मात्र तारखा मांडून पाहा. मूल ऑगस्ट 2027 मध्ये युनिव्हर्सिटीत गेलं आणि मे 2029 मध्ये पदवी घेऊन त्याच ऑगस्टला मेडिकलला जायचं ठरलं, तर अर्ज जातो मे-जून 2028 मध्ये. म्हणजे युनिव्हर्सिटीतली फक्त दोन सेमिस्टर्स झालेली असतात. त्या दोन सेमिस्टर्समध्ये ऑर्गॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, एमकॅटची तयारी आणि परीक्षा, हॉस्पिटलमधले तास, डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम पाहणं), जमलं तर रिसर्च, आणि तीन प्राध्यापकांची अशी ओळख की ते मनापासून शिफारसपत्र लिहितील. नऊ महिन्यांत. जमवणारी मुलं असतात, मी पाहिली आहेत, पण ती मोजकी. बाकीची एक तर घाईत कमकुवत अर्ज टाकतात, नाही तर पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबतात. मग वाचलेली वर्षं गेली कुठे?

यावर उपाय सोपा आहे आणि फारसा कुणी वापरत नाही: क्रेडिट असली तरी चार वर्षं, निदान तीन वर्षं राहायचं. कोअरचे कोर्स आधीच झाल्यामुळे प्रत्येक सेमिस्टर हलकं होतं. पाच कोर्सऐवजी चार. ऑर्गॅनिकच्या सेमिस्टरला बाकी काही जड नको. मंगळवारची दुपार क्लिनिकसाठी मोकळी. ड्युअल क्रेडिटचा मेडिकलच्या वाटेवरचा खरा फायदा हा. शर्यत लवकर संपवण्यापेक्षा श्वास घ्यायला जागा मिळणं महत्त्वाचं.

एच-4 व्हिसावरच्या (एच-1बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) घरांमध्ये घाईचं कारण वेगळं असतं. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की डिपेंडंट स्टेटस संपतं, म्हणून आई-वडील मुलांना पुढे ढकलतात. ती धास्ती मी समजू शकते. पण ग्रीन कार्ड नसलेल्यांना अनेक मेडिकल स्कूल्स अर्जच करू देत नाहीत, आणि ती अडचण 60 क्रेडिटनी सुटत नाही. त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, मग कोर्स निवडावेत.

टेक्सासबाहेरच्यांसाठी दोन गोष्टी. कॅलिफोर्नियात बे एरियातली मुलं डी अँझा किंवा फुटहिलला कोर्स घेतात, तिथे क्वार्टर पद्धत आहे. अर्जाच्या सेवा क्वार्टरचे तास दोन-तृतीयांश करून सेमिस्टरमध्ये बदलतात. 5 युनिटचा कोर्स 3.33 तासांचा होतो. फ्रीमाँटच्या ओलोनीमध्ये सेमिस्टर पद्धत असल्यामुळे हा प्रश्न नाही. न्यू जर्सीत बीएस-एमडीच्या, म्हणजे हायस्कूलनंतरच पदवी आणि मेडिकल दोन्हींचा प्रवेश एकत्र देणाऱ्या कार्यक्रमांच्या, मागे लागलेल्या घरांनी त्या त्या कार्यक्रमाचे नियम नीट वाचावेत, कारण अशा कार्यक्रमांत बाहेरून आणलेली सायन्स क्रेडिट्स कुठपर्यंत चालतात हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि सात-आठ वर्षांचा आराखडा त्यांनी आधीच आखलेला असतो.

डेंटल, फार्मसी, फिजिशियन असिस्टंट यांच्या मध्यवर्ती सेवाही हायस्कूलमधले कॉलेज कोर्स मागतात आणि मोजतात. तिथे वेगळी ओळ मिळेलच असं नाही. हे कोर्स फ्रेशमन वर्षात टाकले जाऊ शकतात, म्हणजे सोळाव्या वर्षाची सवलतही वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. पीएच्या काही कार्यक्रमांत आवश्यक सायन्स कोर्सना मुदत असते, ठरावीक वर्षांपेक्षा जुना कोर्स चालत नाही. हायस्कूलमध्ये केलेली ॲनाटॉमी पंचविसाव्या वर्षी अर्ज करताना शिळी झालेली असू शकते.

आता धाकट्याचं लॉ. तिथे नियम मेडिकलसारखेच, पण परिणाम जास्त थेट. लॉ स्कूलचे अर्ज एलसॅक या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात, आणि त्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे की हायस्कूलमध्ये असताना कॉलेज पातळीचे कोर्स जिथे घेतले त्या संस्थेचीही ट्रान्सक्रिप्ट द्यायची, मग ते कोर्स हायस्कूलच्या क्रेडिटसाठी घेतलेले का असेनात. पहिली बॅचलर्स पदवी मिळेपर्यंतची प्रत्येक ग्रेड एलसॅकच्या जीपीएत जाते. तिथे हायस्कूलची वेगळी ओळ लक्षात घेऊन सहानुभूतीनं वाचण्याचा भाग कमी, कारण लॉ स्कूल्सना आपल्या प्रवेशित विद्यार्थ्यांचा मीडियन (बरोबर मधला) जीपीए दरवर्षी अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे जाहीर करावा लागतो, आणि तो आकडा एलसॅकनं मोजलेला असतो. 3.76 आणि 3.82 मधला फरक मेडिकलच्या समितीला किरकोळ वाटेल. लॉ स्कूलच्या मीडियनच्या अलीकडे-पलीकडे असण्यात तोच फरक स्कॉलरशिप ठरवू शकतो.

पण एलसॅकची एक गोष्ट धाकट्याच्या बाजूनं आहे. ए प्लसला ते 4.33 धरतात, ॲमकॅससारखं 4.0 नाही. कॉलेज ए प्लस देत असेल आणि ती ट्रान्सक्रिप्टवर दिसत असेल तरच, अर्थात. 15 तासांत ए प्लस आणि उरलेल्या 105 तासांत 3.7 असेल तर एकूण 3.78 च्या आसपास जातो. लॉसाठी आवश्यक विषय असे काही नसतातच. त्यामुळे धाकट्याला इतिहास, गव्हर्नमेंट, लेखन, जे आवडतं आणि ज्यात ए येतो ते खुशाल घेऊ द्या. ज्यात बी येईल असं वाटतं, ते शाळेतच करू दे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कॉलेजच्या कोर्सच्या नोंदींवरचा हक्क फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली विद्यार्थ्याचा असतो, मूल सोळा वर्षांचं असलं तरी. शाळेच्या पोर्टलवर सगळं ठीक दिसत असेल, पण कॉलेजच्या पोर्टलवर दुसऱ्या परीक्षेत 58 पडलेले तुम्हाला दिसणार नाहीत, आणि प्राध्यापकांना ईमेल केलीत तर ते बहुधा उत्तर देणार नाहीत. पहिली कल्पना येते ती ग्रेड लागल्यावर. म्हणून सीनियर इयरच्या कोर्सची नोंदणी करतानाच कॉलेजच्या कॅलेंडरमधल्या दोन तारखा मुलीबरोबर बसून लिहून ठेवा: ट्रान्सक्रिप्टवर काहीही न येता कोर्स सोडायची शेवटची तारीख, आणि डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची नोंद) घेऊन सोडायची शेवटची तारीख. ही दुसरी तारीख शाळेच्या वेळापत्रकापेक्षा बरीच आधी असू शकते. डब्ल्यू जीपीएत धरला जात नाही. एक डब्ल्यू कुणी विचारत नाही, चार असले तर विचारतात. दुसऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी तिनं कॉलेजचं पोर्टल उघडून तुमच्यासमोर ठेवायचं, एवढं तिच्याकडून आधी कबूल करून घ्या. सी दिसत असेल तर त्या आठवड्यात निर्णय घेता येतो. आणि या दोन वर्षांतल्या सगळ्या कोर्सचे सिलॅबस एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. पुढे एखादं मेडिकल स्कूल ‘या कोर्समध्ये लॅब होती का’ असं विचारतं तेव्हा कम्युनिटी कॉलेजच्या वेबसाइटवर जुना सिलॅबस सापडेलच असं नाही.